बर्फात ठेवलेली डिस्क

कृष्णकांत जन्मलाच थकलेला, असं बोईसरमध्ये त्याला ओळखणारे म्हणत. रेडिओ दुरुस्त करता करता तो टीव्हीपर्यंत आला. पुढे तारापूरच्या कारखान्यांनी कॉम्प्युटर घेतले, तेव्हा "तुम्हीच बघा" म्हणत तेही त्याच्याच गळ्यात घातले. कुणाला नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्याकडे नव्हता.

चौऱ्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर एका रंगाच्या कारखान्यातून रामकिसनचा फोन आला. रामकिसन तिथला लॅबवाला, मूळचा जालन्याकडचा. कापडाच्या कुठल्या छटेत कुठला रंग किती घालायचा, हे त्यानं चार वर्षं खपून जुळवलं होतं. ते सगळं त्यानं कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि मोठ्या विश्वासानं वह्या रद्दीत दिल्या.

कृष्णकांत पोचला तेव्हा कॉम्प्युटर खरखरत होता.

"काय केलंत?"

"पूजा."

"आणि?"

"नारळ फोडला."

"कशावर?"

रामकिसननं कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट केलं. "लेथ मशीनवर फोडतात, याला एकट्याला कसं वगळायचं?"

"चालू होता?"

"पूजेला बंद ठेवलेला बरा दिसत नाही, साहेब."

कृष्णकांतनं चष्मा पुसला. नारळाचं पाणी वाळलं होतं, पण दणका आतल्या हार्ड डिस्कला बसला होता. थंड असली की ती दहा मिनिटं चाले, तापली की बसे.

नाक्यावर चिंचणीची मैनाबाई मासे विकत बसे. कृष्णकांतनं तिच्याकडे बर्फ मागितला.

"कोलंबी घेतलीस काय?"

"नाही गं बाय, मशीनसाठी पाहिजे."

"मशीन नासली हाय?"

"नासायला आलीय."

"मंग बर्फाचा काय उपेग नाय. वास उशिरा येल, तेवढंच." असं म्हणून तिनं पिशवी भरून दिली.

प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क बर्फात बसली, वायरी बाहेर. लॅबभर बोंबलांचा वास सुटला. दहा मिनिटांत निळ्या छटा फ्लॉपीवर उतरल्या आणि डिस्क थांबली. पुन्हा गारवा, पुन्हा सुरू. आठ मिनिटांत हिरव्या. पिवळ्यांना पाचच मिनिटं मिळाली.

"आता एकदाच चालेल असं वाटतंय," कृष्णकांत म्हणाला. "लाल घेऊ की तपकिरी?"

रामकिसननं बोटांवर हिशेब केला. तपकिरी सदतीस होत्या. एकेक जुळवायला आठवडा गेला होता.

"लाल घ्या," तो शेवटी म्हणाला. "मालक लालच मागतात."

लाल उतरल्या. शेवटची उतरली न उतरली तोच डिस्क खडखडून बसली, ती कितीही बर्फ घातला तरी उठली नाही.

रामकिसननं कोरा कागद ओढला, वर 'तपकिरी एक' लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. कृष्णकांत स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरत होता. घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढीच त्याची सकाळपासूनची इच्छा. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"कशी होती ती? चहासारखी?"

"नाही. ओल्या विटेसारखी."

"मग लाल बरंच असेल."

"असंल." रामकिसन थांबत थांबत आकडे लिहू लागला. एक खोडला, दुसरा लिहिला. "हां. हीच."

कृष्णकांतनं स्टूल पुढे ओढलं आणि त्याच्यासमोर बसला.

"दुसरी सांगा," तो म्हणाला. छत्तीस उरल्या होत्या.