पहिल्याच घंटीला उचललेला फोन

त्या दिवशी मला बडनेऱ्याहून दुपारची पॅसेंजर पकडून अकोल्याला पळायचं होतं, आणि टेबलाखाली माझा पाय काही केल्या थांबत नव्हता. अमरावतीच्या एका लहानशा बाळंतपणाच्या दवाखान्यात मी इंटरनेटवरचा फोन बसवत होतो. नियम घालणं हेच माझं काम. बाहेर फोन लावायचा तर आधी नऊ दाबा, अकोल्याच्या शाखेला तीन आकडे पुरे, अन् बाहेरून फोन आला की पहिल्याच घंटीला मशीन उचलणार: "नमस्कार, तपासणीसाठी एक दाबा." डॉक्टरीणबाई खूश. मी तर स्वतःवरच लय खूश.

काउंटरवरच्या मावशींचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. "सकाळपासून एकबी मिसकॉल नाई. असं कदी होतच नाई."

"मावशी, रिचार्ज आता सगळ्यांकडं असतो. मिसकॉल कोण देतं?"

"तुले काय माईत! खेड्यातले लोकं अजूनबी दोन घंट्या वाजवून कट करतात. मंग मी फोन लावते अन् गाडी पाठवते. किती वर्षं हेच करून राहिली मी."

कटकट मिटावी म्हणून मी चिडूनच आलेल्या फोनची यादी उघडली. एकच नंबर, तीनदा. दर वेळी दोन-तीन सेकंद, अन् पुढं शेरा: उचलला. तो माणूस सवयीनं कट करत होता, पण माझं मशीन त्याच्या आधीच उचलत होतं. उचललेला फोन मिसकॉलच्या यादीत येणार कसा?

मी झटकन रिसीव्हर उचलून नंबर फिरवला. लागेचना. घाईत मीच नऊ दाबायला विसरलो होतो! शेवटी स्वतःच्या मोबाईलवरून लावला.

"हा साहेब," एक म्हातारा बोलला, "आमी चांदूर रेल्वेच्या रोडवर फाट्यावरच बसून आहो. सुनेच्या कळा वाढून राहिल्या. गाडी निघाली न? कळा वाढल्या तसा परत परत लावला, दर खेपेला तुमी उचलला; तवाच म्हनलं, आता काई चिंता नाई."

खिडकीबाहेर गाडी उभी होती. ड्रायव्हर बोनेटला टेकून चहा पीत होता.

"निघाली, बाबा," मी म्हणालो आणि बाहेर धावत सुटलो.

अकोला गेलं खड्ड्यात. मीही गाडीत बसलो. फाट्यापर्यंत ड्रायव्हरला "हाण, हाण" करून त्याचं डोकं खाल्लं. पोर रस्त्यातच झालं तर, बाईचं काही बरंवाईट झालं तर, एवढंच डोक्यात. परत येताना म्हाताऱ्याची सून कण्हायची तेव्हा मी मागं वळून पाहू शकलो नाही.

दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले.

"पहिल्याच घंटीत उचलला हो तुमी," तो म्हणाला. "नाई तं गरिबाचा फोन कोन उचलते?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. लाज वाटली, लय लाज वाटली. मान खाली घालून मी नुसतं "हो" म्हणालो.