अठरा फूट

साळवे गेल्याचं मला त्याच्या मुलीनं सांगितलं. सकाळी साडेनऊचा सुमार. मी एका गाडीची क्लच प्लेट काढून बसलो होतो, हात कोपरापर्यंत ऑइलनं माखलेले. प्रज्ञा गॅरेजच्या बाहेरच उभी राहिली. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाली आणि मागं वळून चालायला लागली. मी "बरं" म्हणालो. आज लिहिताना लाज वाटते, पण माझ्या तोंडून खरंच "बरं" निघालं, जसं काही पप्पांना यायला उशीर होईल असा निरोप तिनं दिला होता. मग पाना खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला... त्या गाडीचं काम तीन दिवस तसंच पडून राहिलं.

आठ महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याचं घर आणि माझं गॅरेज यांच्यामध्ये एक मैदान आहे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच. त्याआधीची वीस-बावीस वर्षं त्याची संध्याकाळ माझ्या ओट्यावरच मावळायची. मयतीला मी गेलो, पण सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. आमच्या गल्लीतल्या सात घरांपैकी दोनच घरांतली माणसं आली होती. ज्यानं आमच्या निम्म्या काळेवाडीचे लग्नाचे मांडव मोजून दिले, त्याला खांदा द्यायला दापोडीहून नातेवाईक बोलवावे लागले. असं का झालं ते मला माहीत आहे, आणि तेच सांगायला हे लिहितोय. मी काही लेखक नाही, दुचाक्या दुरुस्त करतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

किसन साळवे दापोडीत रेल्वेच्या कडेच्या चाळीत वाढला आणि पुढं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाला. लोकांचा खिसा मोबाइलशिवाय नसतो, याचा स्टीलच्या टेपशिवाय नसायचा. दिसेल ते मोजायचा. माझ्या गॅरेजला नवीन शटर बसवलं त्या दिवशी चहा पितापिता उठला, टेप लावली आणि म्हणाला, "डावीकडं सहा एमएम खाली आहे. रिजेक्ट." मी म्हणालो, "अरे बाबा, हे शटर आहे, तुझ्या कंपनीचा गिअर नाही." तर खिशातून छोटी डायरी काढून लिहायला लागला. त्या डायरीत तीन रकाने असायचे. काय चुकलं, किती चुकलं आणि जबाबदार कोण. कंपनीत रिजेक्ट झालेल्या प्रत्येक मालाबरोबर तशी चिठ्ठी जायची, तीच सवय. त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात त्यानं 'रशीद' लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी म्हणालो, "फिटरचं लिही की, राव!" तो म्हणाला, "फिटर तू बोलावलास ना? मग?" पुढं कितीतरी वर्षं शटर अडकलं की मला त्याचाच राग यायचा.

आता त्या मैदानाचं. एका बाजूला बंद पडलेल्या एका जुन्या कंपनीची लांबलचक भिंत, भिंतीच्या अलीकडं कोपऱ्यावर माझं गॅरेज, मग मैदान आणि मैदानाला पाठ करून साळवेसकट सात घरं. मैदान म्हणायचं आपलं; राडारोडा, डुकरं आणि 'उद्यानासाठी आरक्षित' असा गंजलेला बोर्ड. सगळी घरं अर्ध्या-एक गुंठ्याची, स्टॅम्प पेपरवर घेतलेली. इकडं अर्धं गाव तसंच वसलंय. मग घरं नियमित करून देण्याचा नियम आला. मात्र एक अट होती. आरक्षणाच्या जागेवरचं घर नियमित होणार नाही. त्याच सुमारास शहराच्या नव्या आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या, त्यालाही मुदत होती. गल्ली हादरली. आपण आरक्षणाच्या आत की बाहेर? हे विचारायला ऑफिसात जायची कुणाची हिंमत नव्हती, कारण विचारायला गेलं की ते मोजायलाच येतात. मग सगळ्यांना आठवला साळवे.

साळवेनं कुठूनतरी नकाशाची प्रत आणली. रविवारी सकाळी सगळी गल्ली मैदानात जमली. तो म्हणाला, "मोजायचं तर डेटम पाहिजे." म्हणजे ज्या कडेपासून मोजायचं ती पक्की कड. "नकाशात इथं हद्दीचा दगड दाखवलाय. कुणी बघितलाय का?" सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मग एकेकाला नावानं विचारलं. मलाही विचारलं, "रशीद, तू तर सगळ्यात आधीचा इथला. तू बघितलास?" मी म्हणालो, "नाही बुवा." मग त्यानं कंपनीच्या भिंतीला टेप लावली. भिंत सरळ, पक्की, दगडी. चाळीस वर्षं घासून-पुसून सपाट केलेल्या कडेवर विश्वास ठेवणारा माणूस तो, त्याला ती भिंतच हद्द वाटली. दुपारपर्यंत त्यानं दोन-दोनदा मोजलं, चुन्यानं रेघ मारली आणि हात झटकत म्हणाला, "सातही घरं बाहेर. हरकत-बिरकत काही नको. बिनधास्त बांधा." त्याचा शब्द म्हणजे शिक्का. हरकतीची मुदत गेली, कुणी अर्ज केला नाही. दोन वर्षांत सातांपैकी पाच घरांवर मजले चढले. चौथ्या घरातल्या पवारांनी तर पोराच्या लग्नाआधी वर दोन खोल्या काढल्या, त्याच्या पत्रिकेवर पत्तासुद्धा 'पहिला मजला' असा छापला.

रिटायर झाल्यावर साळवेला त्या बागेचं वेड लागलं. रोज माझ्या ओट्यावर वर्तमानपत्राची घडी टाकून बसायचा आणि म्हणायचा, "म्हातारपणी माणसाला बसायला हक्काची जागा नको का? तुझ्या ओट्यावर किती दिवस बसू?" मी म्हणायचो, "भाडं मागितलं का तुला कधी?" तो वॉर्ड ऑफिसला खेटे घालायचा. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. साहेब बदलायचे, फाइल हरवायची, हा पुन्हा झेरॉक्स काढायचा. शकुंतलावहिनी वैतागून म्हणायच्या, "ह्यांचा आता घरात पाय ठरत न्हाई." चार वर्षांनी बाग मंजूर झाली. साळवेनं गल्लीत पेढे वाटले. मला दोन दिले, एक बाकड्याचा म्हणून. "पहिल्या बाकड्यावर आपण दोघं," म्हणाला.

मग मोजणीवाले आले. तिपाईवर यंत्र. त्यांना आमच्या बाजूच्या दगडाची गरजच पडली नाही, रस्त्यापलीकडं दुसरा होता, त्यावरून त्यांनी मोजलं. साळवे पुढं पुढं करत होता, त्यांना पाणी देत होता. त्यांच्यातल्या एकानं लाल रंगाचा डबा उघडला आणि साळवेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर फुली मारली. साळवे हसला. "साहेब, चुकताय. आरक्षण तिकडं संपतं." तो म्हणाला, "काका, ती भिंत हद्द नाही. कंपनीनं आपल्याच जागेत अठरा फूट आत घेऊन बांधलीय. हद्द अलीकडं येते, म्हणून आरक्षण तुमच्याकडं अठरा फूट सरकतं." आणि पुढच्या घराकडं गेला. सात घरं, सात फुल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाग आणणाऱ्याच्याच चुलीवरून बाग गेली.

त्या दिवसापासून गल्लीनं साळवेला वाळीत टाकलं. पवार त्याच्या तोंडावर म्हणाले, "तुझ्यापायी हरकत घेतली नाही आम्ही. तुझ्यापायी मजला बांधला. आता तुझी टेप घाल चुलीत!" मग घरं पाडायच्या नोटिसा आल्या. त्यावरच्या सुनावणीला साळवे सगळ्यांबरोबर गेला आणि सगळ्यांच्या आधी उभा राहिला. "साहेब, मोजमाप मी केलं होतं. डेटम चुकला. ह्या लोकांनी माझ्या शब्दावर बांधलं. माझं घर अख्खं घ्या, ह्यांच्या खोल्या सोडा." साहेब वाईट नव्हते, पण त्यांनी विचारलं, "तुम्हाला मोजणीचा अधिकार कुणी दिला होता?" साळवे म्हणाला, "कुणीच नाही, साहेब." हे मला पवारांनीच सांगितलं. सांगताना ते हसले होते.

नंतरच्या आठवड्यात साळवेनं स्वतःच्या हातानं स्वतःचं स्वयंपाकघर पाडायला घेतलं. लाल फुलीपासून टेप धरून रेघ मारली आणि छिन्नी-हातोडीनं रोज थोडं थोडं. वहिनी पुढच्या खोलीत सिलिंडर हलवून पोळ्या करत होत्या. त्यांना वाटलं असेल, हा थांबेल. थांबला नाही. अडुसष्टाव्या वर्षी विटा उचलून उचलून छातीत दुखायला लागलं तरी डॉक्टरकडं गेला नाही. गल्ली म्हणाली, नाटक करतोय. मी गॅरेजातून सगळं बघत होतो.

आणि मी का गेलो नाही? सांगतो. इथवर लिहिलं ते यासाठीच.

गॅरेजचं जोतं खणताना, साळवे गल्लीत राहायला यायच्याही आधी, माझ्या पहारीला एक दगड लागला होता. चौकोनी, वर फुली कोरलेली. गवंडी म्हणाला, "भाई, हा हद्दीचा. दिसला तर मोजणीवाले येतील, तुझी जागा कंपनीची निघंल. वर कोबा टाकून मोकळा हो." मी टाकला. वर शहाबादी फरशी बसवली, ओटा झाला. जागेचा कागद कच्चा, मागच्या खोलीत बायको-पोरं, दुसरीकडं जाणार कुठं? त्या रविवारी साळवेनं विचारलं तेव्हा मला तो दगड लख्ख आठवला होता आणि मी 'नाही बुवा' म्हणालो. तेव्हा वाटलं नव्हतं की त्यावरून एवढं होईल. पण लाल फुल्या बघितल्या त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरली. गल्ली त्याला शिव्या घालत होती आणि मी पाने पुसत होतो. त्याला तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून मीच त्याच्यावर रागावल्यासारखं केलं. माणूस किती हलकट होऊ शकतो, ते मला स्वतःकडं बघून कळलं.

जायच्या दोन महिने आधी तो एकदा आला. संध्याकाळची वेळ. घडी न टाकताच ओट्यावर बसला, दमला होता. मी कार्बोरेटर धूत होतो, मान वर केली नाही. थोड्या वेळानं उठला, टेप काढली, ओट्यापासून कंपनीच्या भिंतीपर्यंत नेली, डायरीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जुनी खोड. परत येऊन बसला आणि म्हणाला, "रशीद, दगड चालत नसतो बघ. रोवला तिथंच असतो." मी ब्रश घासत राहिलो. मग म्हणाला, "चहा सांगतोस का?" मी तोही सांगितला नाही... जरा वेळ बसला आणि गेला. एक कटिंग चहा. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

साळवेच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वहिनींनी मला थांबवून घेतलं. घराची मागची बाजू उघडी, तिथं निळं प्लास्टिक बांधलेलं. त्यांनी टेप आणि डायरी माझ्या हातात दिली. "रशीदला द्या म्हणले होते." मी गॅरेजमध्ये येऊन शेवटचं लिहिलेलं पान काढलं. तेच बारीक, ताठ अक्षर. पहिल्या रकान्यात 'ओट्याखालचा दगड ते भिंत.' दुसऱ्यात 'अठरा फूट.' तिसऱ्यात, जबाबदार... मला वाटलं माझं नाव असणार. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर तिथं लिहिलं होतं, 'कि. साळवे'.

त्याला कळलं होतं. कळूनही गल्लीत जाऊन एक शब्द बोलला नाही, कारण बोलला असता तर माझं गॅरेज गेलं असतं. आणि मी त्याला चहा पाजला नाही.

त्याचं अक्षर खोडायला हात धजला नाही. त्याच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. मागच्या रविवारी पवारांना आणि बाकीच्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर घणानं ओटा फोडला. दगड निघाला, फुली अजून तशीच. फुलीवर बोट फिरवून पवार साळवेच्या घराकडं गेले. आत गेले की नाही, ते मी बघितलं नाही. दगड निघाला म्हणून घरं वाचत नाहीत, नोटिसा कायम आहेत. कंपनीचा माणूसही आता माझी जागा बघून गेलाय. बागेचं म्हणाल तर लोखंडी गेट बसलंय आणि त्याला कुलूप आहे. बाकडं अजून एकही आलेलं नाही. आणि ओट्याच्या जागी दगड वर आलाय, तिथं आता कुणाला बसता येत नाही.