पत्र्याखालचं पाचट

मिरजेला नर्सिंगचं शिक्षण संपवून मी कराडच्या खाली कृष्णाकाठच्या एका उसाच्या गावात रुजू झाले, तेव्हा बावीस वर्षांची होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत मी राहायची, दुसरीत बाळंतपणं. दोन्हींवर पत्रे.

फाल्गुन संपता संपता बायका यायच्या थांबल्या. सातव्या महिन्यातली एक बाई तपासायला आली, खाटेवर पडली आणि लगेच उठून बसली. "बाई, हितं बाळातीण व्हायचं का भाजून निघायचं?" म्हणाली आणि बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. मी तिला तिथंच तपासलं. मग माझा दवाखाना लिंबाखालीच चालू झाला. पण बाळंतपण काही झाडाखाली करता येत नाही.

शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार राहायचे. गाव त्यांना आबा म्हणायचं. पायाला कुदळ लागली होती म्हणून रोज पट्टी बदलायला यायचे. एकदा अंग कसकसतंय म्हणाले. मी तापमापी झटकून ट्रेमध्ये ठेवली आणि हात धुऊन आले, तर पारा आधीच एकशेपाचाच्या पुढं. आबांनी तो बराच वेळ निरखला.

"ह्यो ताप माजा न्हाई, बाई. पत्र्याचा हाय."

"मग औषध पत्र्यालाच द्यायला हवं, आबा."

मी चेष्टेनं म्हणाले, पण ते विचारात पडले. "लडाखकडं आमी बंकरच्या छपराखाली गवत कोंबायचो. थंडी आत याची न्हाई. मग त्येच गवत ऊन का आडवणार न्हाई?"

तेव्हा उसाची तोड संपत आली होती. शेतात उसाच्या वाळल्या पानांचं गुडघाभर पाचट पडलेलं, आणि जो तो ते पेटवून देत होता. आबांनी आपला फड पेटवू दिला नाही. त्यांची बायको, आमची आया, मी आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका, आम्ही आठवडाभर पाचटाच्या मुठीएवढ्या जुड्या बांधल्या. पाचटाच्या कडा ब्लेडसारख्या. संध्याकाळी सगळ्यांच्या हातांना मलम लावायचं कामही माझंच. आबांनी पत्र्याच्या वीतभर खाली बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला. त्यावर जुड्या दाटीनं बसवल्या, आणि कीड लागू नये म्हणून मधेमधे लिंबाचा पाला.

अर्धं छत झालं आणि तालुक्याचे डॉक्टर पाहणीला आले. त्यांनी वर पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रॉकेलच्या स्टोव्हकडं पाहिलं.

"बाई, सुया यावरच उकळता ना? आणि वर ही गंजी रचलीत. काढून टाका."

त्यांचं बरोबर होतं, आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. एवढ्या बायकांना काय सांगायचं, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

आबांना सांगितलं, तर ते नदीकडं गेले आणि पाटीभर चिकणमाती घेऊन आले. तीत शेण आणि पाचटाचा भुसा घालून पायांनी तुडवली. एका जुडीला दोन बोटं जाडीचा लेप दिला आणि ती उन्हात वाळवली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आल्यावर अंगणात स्टोव्ह पेटवला आणि आबांनी ती जुडी चिमट्यानं ज्वाळेवर धरली. डॉक्टर घड्याळाकडं बघत होते. माती काळी पडली, तडकली, थोडा धूरही निघाला, पण जुडीनं पेट घेतला नाही. शेवटी डॉक्टरांनी स्वतः ती दगडावर आपटून फोडली आणि आतलं पाचट ओढून पाहिलं. अजून पिवळंच होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण स्टोव्ह बाहेरच्या पडवीत न्यायचा."

मग लिंपणाला सगळी गल्ली लोटली. खालून वर चिखल मारायचा, म्हणजे निम्मा आपल्याच डोक्यावर. आमची आया तर कपाळभर चिखल घेऊन म्हणाली, "लय दिसांनी हळद लागल्यागत वाटतंय." हसून हसून एकीच्या हातातली पाटीच पडली. दोन दिवस ओलं छत वाळायची वाट पाहिली, मग चुना दिला. दुपारी बारा वाजता मी दार लावून आत बसले. थंड नव्हतं, पण लिंबाखाली बसल्यासारखं होतं.

वैशाखात वळवाच्या गारा पडल्या, त्या दिवशी मळ्यातली एक पहिलटकरीण बैलगाडीतून आलेली. तिच्या पोटाला नळी लावून मी कान टेकवला, आणि बाळाचे ठोके स्वच्छ ऐकू आले. गारा लांब कुठंतरी पडत असाव्यात तसा आवाज येत होता. एरवी अशा पावसात मला शेजारचं माणूस काय बोलतंय तेही कळायचं नाही. ऊन थांबवायला बांधलेलं छत आवाजही अडवतं, हे आबांनाही ठाऊक नव्हतं. ऐन गारांत मुलगी झाली. तिचा पहिला आवाज ऐकून बाहेर पडवीत पाणी तापवणाऱ्या आयानं हात जोडले.

त्या उन्हाळ्यात गावातल्या पुरुषांची पोटं फार दुखायला लागली. बरोबर दुपारी एकला. खाटेवर टेकले की घोरायचे. शेवटी मी आबांनाच दाराशी बसवलं. ते प्रत्येकाला बाहेरच विचारायचे, "पोट दुकतंय व्हय? मग आदी येरंडेल घे, गड्या." तिसऱ्या दिवशी सगळे बरे झाले.

मी तिथं चार वर्षं होते. एका कोपऱ्यात उंदरांनी घर केलं. तेवढा कोपरा उकरून, नवीन पाचट भरून आम्ही पुन्हा लिंपला.