ह्याच्यावर कोन कोन हाय?

सर्व्हर बंद करायचा असो नाहीतर साधा पंखा, नाना आधी त्याच्यावर किंवा त्याच्या बटणाशेजारी तळहात टेकवून मोठ्याने विचारायचे, "ह्याच्यावर कोन कोन हाय?" चाकणच्या कंपनीत मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, हा माणूस देवऋषी आहे की काय! पण हजर असलेल्या प्रत्येकाने उत्तर द्यायचं, हा त्यांचा दंडकच होता. "पगार आहे." "डिस्पॅच आहे." "गेटची हजेरी आहे." सगळ्यांचं ऐकूनच नाना पुढे हात घालायचे.

सर्व्हर रूमचे प्रमुख असले तरी त्यांची बोली चऱ्होलीचीच राहिली. "आमच्या इहिरीवर समदी भावकी व्हती, राव. मोटर बंद करायची तर बा आधी हाळी द्यायचा. न्हाईतर कुनाचा तरी वाफा कोरडा ऱ्हायचा."

एकदा नव्या सॉफ्टवेअरचं भाडं प्रोसेसरमधल्या चालू कोरांवर, म्हणजे त्यातले काम करणारे भाग किती यावर, ठरलं. आमच्या मोठ्या सर्व्हरला प्रोसेसर दोन, आणि काम एकावर भागत होतं. म्हणून दुसरा काढायचा नाही, सेटिंगमधून जागच्या जागी बंद करायचा, असं ठरलं. त्या सकाळी नानांचा फोन सारखा वाजत होता. त्यांची गावची जमीन बिल्डरला दिलेली, विहीर बुजवायला बुलडोझर आलेला, आणि धाकटा भाऊ तिकडून ओरडत होता.

नानांनी हात टेकवला, विचारलं. आम्ही उत्तरं दिली. बॅकअपचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. त्याचं कार्ड दुसऱ्या प्रोसेसरच्या खाचेत होतं, प्रोसेसर बंद झाला की तेही बंद. नानांनीच ते बसवलेलं, त्यामुळे ते उत्तर त्यांनीच द्यायचं होतं. पण त्यांनी घाईने काम उरकलं आणि आठवडाभराच्या रजेवर गेले. बॅकअप होत नसल्याची मेल रोज येत राहिली, तीही त्यांच्याच नावावर.

ते परतायच्या आतच डिस्क गेल्या. जुनं सगळं आधीच्या बॅकअपमधून मिळालं, पण त्या आठवड्याचं काहीच नाही. टूलरूमने ओव्हरटाइम करून संपवलेली नव्या डायची, म्हणजे साच्याची, ड्रॉइंग त्यातच होती. ती गेली, मागोमाग ऑर्डर गेली, आणि त्या ऑर्डरसाठी घेतलेली कंत्राटी माणसं घरी बसली.

साहेब म्हणाले, "अहो नाना, होतं असं. राजीनामा कसला देताय?"

"साहेब, हात हितं व्हता, पर कान इहिरीवर व्हता," नाना म्हणाले. "त्या घरी बसलेल्या पोरांम्होरनं आता मला जाववत न्हाई." इतका वाईट दिवस आमच्या कंपनीत मी दुसरा पाहिला नाही.

परवा त्याच जमिनीवरच्या त्यांच्या नव्या फ्लॅटवर गेलो. विहिरीच्या जागी आता पार्किंग आहे. आतल्या खोलीत त्यांची म्हातारी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"धुनं घिऊन रोज इहिरीवर जायची," नाना हळूच म्हणाले. "तितंच समद्या बायांशी बोलनं व्हायचं. आता बोलतच न्हाई. सर्व्हरला इचारत ऱ्हायलो राव, इहीर बुजवताना न्हाई इचारलं."



बोलताना टीव्हीचा आवाज मध्ये येत होता. तो बंद करायला नाना उठले, टीव्हीवर हात ठेवला आणि आत हाक मारली, "आये, तू ऐकतीस का गं?"

आतून उत्तर आलं नाही. नाना टीव्ही चालूच ठेवून परत येऊन बसले.