बापूकाकांनी गंगाजलाचा गडू उघडला आणि सायकलची घंटी वाजली

मंडळी, आज जे पाहिलं ते लगेच लिहिते.

सकाळी कार्तिक पौर्णिमेचं स्नान करून आम्ही बालाजी घाटावरून वर आलो आणि गल्लीच्या तोंडाशी माझे सासरे, अण्णा, कोसळले. श्वास बंद. गर्दी एवढी की ॲम्ब्युलन्स मेन रोडवरच अडकली.

आम्हा काशीकरांचा हात अशा वेळी आधी गंगाजलाकडे जातो. शेजारच्या बापूकाकांनी गडू उघडला, कुणी तुळस पुढे केली, लोक रामनाम घ्यायला लागले. मीही हात जोडले.

तेवढ्यात घंटी वाजली. स्नानाच्या गर्दीसाठी घाटावर नेमलेल्या मेडिकल टीमची एक मुलगी सायकलवरून आली. मधल्या पायऱ्या ती सायकल खांद्यावर घेऊन चढली होती. तिने काकांचा हात हळूच अडवला. "चाचाजी, पानी मत दीजिए. इन्हें अभी मोक्ष नहीं, साँस चाहिए."

काकांना तिने सायकलवरची पेटी काढायला लावली आणि स्वतः छाती दाबायला लागली. मग अण्णांच्याच पंच्याने ओली छाती पुसली, पेटीतल्या दोन पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना मागे सारलं आणि शॉक दिला. पुन्हा दाबत राहिली.

रामनाम कधी थांबलं, कळलंच नाही. अण्णांची बोटं हलली.

आता ते आयसीयूत आहेत, शुद्धीवर. "माझं स्नान झालं ना?" एवढंच विचारलं.

छाती कशी दाबायची, तुमच्या घरात कुणाला येतं? आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला येत नव्हतं.

काशीत मरण यावं म्हणून लोक कुठून कुठून येतात. आज मी इथून एक माणूस परत येताना पाहिला.