आवणीचे दिवस
वाळत्या मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास आला की मला टोकावड्याजवळचं आमचं अंगण आठवतं. माणूस गोष्टी कशा लक्षात ठेवतो, कशा विसरतो, यावर मी तेव्हा नुकतीच डॉक्टरेट मिळवली होती आणि बाबांनी गावभर सांगितलं होतं, "पोर डोक्याची डॉक्टर झाली." म्हणून शेजारच्या काकूने सुनेला माझ्यापुढे आणून बसवलं. "कामात लक्ष नाय, एकटीच बोलते. हिचं डोकं फिरलंय का सांग गो. येडी असेल तर माहेरी धाडतो." मी तसली डॉक्टर नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तर बाबा अभिमानाने माझ्याकडेच बघत होते. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "वहिनी, सध्या कशाचे दिवस आहेत?" समोर पसरलेली मोहाची फुलं तिनेच पहाटे वेचून आणली होती. माझ्या डोळ्यांत रोखून बघत ती म्हणाली, "आवणीचे." भर उन्हाळ्यात ती भातलावणीचं सांगत होती. काकूला पुरावा मिळाला. मला मात्र कळलं, की हिला माहेरी जायचंय. तिला वेडी म्हणवेना आणि शहाणी म्हणून तिथेच अडकवताही येईना. "आराम पाहिजे, माहेरी पाठवा," एवढंच म्हणाले. आठवड्याभरात तिचा भाऊच तिला परत घेऊन आला. "आमच्याकडं हसते, बोलते, सगळं काम करते," तो खुशीत सांगत होता, "आता बरी झाली, ठेवून घ्या." आजही माझ्या प्रयोगात कुणी अगदी सोपं उत्तर चुकलं, तर चूक नोंदवण्याआधी मी विचारते, घरी कोण कोण असतं.