विहिरीच्या पाण्याची कॉफी

दिवाळीला जावयाने कॉफीचं मशीन आणलं. आमच्या यजमानांनी ते चारी बाजूंनी तपासलं आणि फर्मावलं, "यात आपल्या विहिरीचंच पाणी घालायचं. नळाच्या पाण्याला वास मारतो." पावस गावातल्या आमच्या विहिरीबद्दल ते असं बोलतात, जणू ती त्यांनी स्वतःच्या हातांनी खणली असावी. समुद्र जवळ, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं, डाळ शिजता शिजत नाही. पण हे बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही.

शिमग्याच्या सुमारास मशीन तापायला लागलं. आत नुसतं खदखदायचं, वाफ सोडायचं, भांड्यात जेमतेम घोटभर कॉफी टाकायचं आणि जळका वास येऊन आपोआप बंद पडायचं. निवलं की पुन्हा तेच.

यजमानांची हयात हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे निदान लगेच झालं. "व्होल्टेज." वायरमन येऊन व्होल्टेज ठीक असल्याचं सांगून गेला, तेव्हा निदान बदललं. "त्याला हवा लागत नाही." मशीन पडवीत आलं, समोर टेबलफॅन लागला. आम्ही घाम पुसत बसायचो आणि वारा खायचं मशीन. तरी ते बंद पडायचंच. मग पंख्याची जागा बदलायची.

मे महिन्यात लेक-जावई आंब्यांना आले. पंख्यासमोर ठेवलेली आपली भेट पाहून जावई बिचारा आधी वाकून मशीन न्याहाळायला लागला. मग हळूच म्हणाला, "बाबा, आत क्षार साचले असतील का? पाणी कठीण असलं तर हीटरवर थर बसतो."

"आमचं पाणी कठीण?" यजमान म्हणाले. "वस्तूच हलकी असेल. तुम्हाला दुकानदाराने गंडवलंय."

जावयाचा चेहरा पडला, आणि मला राग आला. मी प्लग काढला, मशीन निवू दिलं, झाकण उघडून बॅटरी मारली. आत चुन्यासारखी पांढरी खपली. लिंबाचं सत्त्व पाण्यात विरघळवून आत ओतलं, थोडं चालवून भिजत ठेवलं, मग साधं पाणी फिरवलं. खपल्या निघाल्या. त्यानंतर कॉफी सरळ धारेने उतरली.

"साबणाला फेस येत नाही ते कठीण पाणी," मी म्हटलं. "नववीच्या पोरांना तुम्हीच शिकवायचात ना?"

"पुस्तकातलं वेगळं असतं," ते म्हणाले आणि कप पुढे केला. जावयाची माफी काही मागितली नाही, फक्त निघताना आंब्यांची एक पेटी जास्त दिली.

आता ते बॅटरी घेऊन शेजाऱ्यांचे गीझर तपासत हिंडतात. क्षार म्हणजे काय, ते कसे साचतात, सगळं बारकाईने समजावतात. परवा कोणीतरी विचारलं, "मास्तर, तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

"ते सोडा," हे म्हणाले. "तुमच्याबद्दल बोलतोय मी."